वारा, घोडे आणि सुकेळी खिंड

गणपतीच्या आधीच्या चार दिवसांत नागोठण्याजवळ महामार्गाच्या कडेला उभं राहिलं, की मुंबई-ठाण्यातल्या चाकरमान्यांचा अख्खा संसार समोरून दक्षिणेकडे जाताना दिसतो. टपावर ताडपत्रीखाली आवळून बांधलेल्या बॅगा, मागच्या काचेला टेकलेलं मखर, आणि पेण-हमरापूरकडून मूर्ती घेतली असेल तर मधल्या सीटवर कुणाच्या तरी मांडीवर रुमालाने चेहरा झाकलेला बाप्पा. पूर्वी या गर्दीत एसटीच्या जादा गाड्या आणि खासगी बस जास्त असत. आज त्यांच्या जोडीला स्कॉर्पिओ, एक्सयूव्ही, सफारी, बोलेरो अशा उंच, रुंद, सात माणसं मावणाऱ्या गाड्यांची रांग असते. वडखळपासून वाकण फाट्यापर्यंत ती रांग कधी ताशी वीस किलोमीटरने सरकते, आणि काँक्रीटचा मोकळा पट्टा मिळाला की सगळ्या गाड्या एकदम शंभरच्या पुढे जातात.

नवी गाडी दारात आली, की घरातला एखादा भाचा किंवा शेजारचा मुलगा एक प्रश्न हमखास विचारतो: टॉप किती? मालक आकडा सांगतो, ऐकणारा मान डोलावतो, विषय तिथे संपतो. हा आकडा येतो कुठून, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. इंजिनात जितके घोडे जास्त तितकी गाडी जास्त पळणार, अशी आपली साधी समजूत असते. ती खोटी नाही, पण अर्धी आहे. उरलेला अर्धा भाग गाडीच्या पुढे, बॉनेटपासून टपापर्यंत पसरलेला असतो आणि तो दिसत नाही. तो भाग म्हणजे हवा. कोकणात जाणाऱ्या कुटुंबाच्या खिशाशी आणि जिवाशी या हवेचा किती जवळचा संबंध आहे, हे समजावं म्हणून हा लेख.

सपाट रस्त्यावर सरळ जाणाऱ्या गाडीला मुख्यतः दोन गोष्टी मागे ओढतात. पहिली म्हणजे टायर. रबर रस्त्याला टेकतं, दबतं, सुटतं, आणि प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. ही ओढ गाडीच्या वजनावर अवलंबून असते आणि वेग वाढला तरी फारशी बदलत नाही. दुसरी ओढ हवेची, आणि तिचा स्वभाव अगदी वेगळा आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा रेटा चौपट होतो. त्या चौपट रेट्याविरुद्ध दुप्पट वेगाने जायचं म्हणजे इंजिनाला आठपट ताकद लावावी लागते. कौटुंबिक गाडीच्या सर्वोच्च वेगाची सगळी गोष्ट या आठपटीत आहे.

आता आकडे घेऊ. आजची एक सात आसनी एसयूव्ही डोळ्यांसमोर आणा. महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० ची रुंदी १८९० मिलिमीटर आणि उंची १७५५ मिलिमीटर आहे. टायरांमधली मोकळी जागा आणि वरचे गोलावे वजा केले, तर अशी गाडी समोरून हवेला पावणेतीन चौरस मीटरच्या आसपास तोंड देते. तिच्या आकारामुळे हवा किती सहज बाजूला होते ते एका गुणांकाने मोजतात. या वर्गातल्या गाड्यांसाठी मी तो ०.३६ धरतो. या दोहोंचा गुणाकार जवळजवळ एक चौरस मीटर येतो. माणसं आणि सामानासह वजन २२०० किलो, आणि हवा किनारपट्टीवरची, उबदार. हे गृहीत धरलेले आकडे आहेत, कुठल्याही कंपनीच्या चाचणीचे नव्हेत, पण खऱ्याच्या पुरेसे जवळ आहेत.

या गाडीला ताशी ६० किलोमीटरने सपाटीवर जायला चाकांपाशी किती ताकद लागते? जेमतेम ९ अश्वशक्ती. नागोठणे-रोहा परिसरात मिनीडोर रिक्षा चालवणाऱ्यालाही आश्चर्य वाटेल इतकी ही कमी आहे. ८० ला १६ लागतात, १०० ला २६, १२० ला ४०. पुढे मात्र चढ उभा होतो. १६० ला ८३, १८० ला ११४, २०० ला १५२. ६० ला टायरांची ओढ हवेपेक्षा जास्त असते. सत्तर-पंचाहत्तरच्या दरम्यान दोघी सारख्या होतात, आणि २०० ला दहातले जवळजवळ नऊ घोडे नुसती हवा बाजूला सारण्यात खर्च होतात.

आता इंजिन घेऊ. या गाडीच्या डिझेल इंजिनाची एक आवृत्ती १८५ अश्वशक्तीची आहे. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, अॅक्सल यांत साधारण पंधरा टक्के गळती धरली, तर चाकांपाशी १५७ पोचते. वेग वाढत जातो तशी हवेची मागणी वाढत जाते, आणि जिथे ती मागणी १५७ ला भिडते तिथे गाडी आणखी वेग घेऊ शकत नाही. माझ्या हिशेबात ती जागा ताशी २०२ किलोमीटरला येते. त्या वेगाला एक्सलरेटर जमिनीला टेकलेला असतो, इंजिन पूर्ण जोर लावत असतं, आणि तरी काटा हलत नाही. सर्वोच्च वेग म्हणजे इंजिनाचं देणं आणि हवेचं घेणं जिथे बरोबर होतं तो बिंदू.

याच गाडीची १५५ अश्वशक्तीची आवृत्तीही निघाली. ताकद तीस घोड्यांनी, म्हणजे सोळा टक्क्यांनी कमी. सर्वोच्च वेग किती घटला? बारा किलोमीटर. २०२ च्या ऐवजी १९०. उलट्या दिशेने, २०० अश्वशक्तीच्या पेट्रोल इंजिनाला त्याच शरीरात बसवलं तर वेग २०८ पर्यंत जातो. पंधरा घोडे वाढवून सहा किलोमीटर. घोडे वाढवत जा, हवा त्यातले बहुतेक खाऊन टाकते.

हे केवळ कागदावरचं गणित नाही, याचा एक चांगला पुरावा आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये महिंद्राने चेन्नईजवळच्या आपल्या चाचणी-मार्गावर चार एक्सयूव्ही ७०० गाड्या सलग चोवीस तास पळवल्या. प्रत्येकीने चार हजार किलोमीटरपेक्षा जास्त अंतर कापलं, म्हणजे इंधन भरण्यासाठी आणि चालक बदलण्यासाठी थांबूनही ताशी सरासरी १६६ च्या वर. पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात बनणाऱ्या या गाडीला दिवसरात्र त्या वेगाने धावताना मुख्य झुंज हवेशीच द्यावी लागली असणार.

शंभर वर्षांहून जुनी एक नोंद इथे मला महत्त्वाची वाटते. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ आशेर इथे कामीय जेनात्झी या बेल्जियन माणसाने विजेवर चालणाऱ्या गाडीतून ताशी १०५.८८ किलोमीटरचा वेग गाठला. रस्त्यावरच्या गाडीने शंभरचा टप्पा ओलांडण्याची ती पहिली वेळ. गाडीचं अंग टोकदार नळीसारखं केलेलं होतं, पण चालक मात्र त्यावर कमरेपासून वर उघडा बसलेला, आणि चाकंही बाहेर. सुमारे ६८ अश्वशक्ती वापरून तो वेग मिळाला. आज रायगडच्या कुठल्याही गावात दिसणाऱ्या बोलेरोत ७६ अश्वशक्तीचं इंजिन असतं, ती सात माणसं नेते, आणि तरी जेनात्झीपेक्षा वेगात जाते. हवेला वळण देण्याची विद्या या सव्वाशे वर्षांत किती पुढे आली ते यावरून कळतं. आणि बोलेरो तर आकाराने पेटीसारखी गाडी!

महाराष्ट्राने या विद्येचा प्रवास आपल्या कारखान्यांतून पाहिला आहे. १९९४ साली टाटांची सुमो आली. तिचं नाव कंपनीचे प्रमुख राहिलेल्या सुमंत मुळगावकरांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून पडलं. कोकणात तिने कितीतरी घरांना मुंबईहून गावी नेलं. सरळ उभी काच, सपाट नाक, चौकोनी पाठ, आणि सत्तरच्या आतली अश्वशक्ती. १९९८ ला सफारी आली, नव्वदच्या आसपास. २००२ मध्ये नाशिकमधून स्कॉर्पिओ आली, ११० च्या आसपास. २०११ ला चाकणहून एक्सयूव्ही ५००, १४० अश्वशक्ती. आणि २०२१ ला १८५. सत्तावीस वर्षांत ताकद जवळपास तिप्पट झाली.

मग वेग तिप्पट झाला का? हे तपासायला मी सुमोसारख्या पेटीचा हिशेब मांडला. ६५ अश्वशक्ती आणि तो चौकोनी आकार धरून सर्वोच्च वेग १२२ येतो. त्याच पेटीत १८५ अश्वशक्तीचं इंजिन बसवलं तर १८०. आणि आजच्या गोलसर शरीराला १८५ दिले तर २०२. हिशेब उलटा करून पाहा: आजच्या शरीरात जुनं ६५ चं इंजिन टाकलं तर १३७. म्हणजे एकही घोडा न वाढवता केवळ कडा गोल करून, काच मागे झुकवून, आरसे आणि दारांच्या फटी नीट करून पंधरा किलोमीटर मिळतात. या पंधरा किलोमीटरला डिझेल लागत नाही. पुण्या-नाशिकच्या ज्या रचनाकारांनी मातीच्या साच्यांवर बसून एकेक वळण घासलं, त्यांचं काम जाहिरातीत कधी दिसत नाही. मला ते इंजिनाइतकंच मोलाचं वाटतं.

हवा गाडीला नेमकी कशी ओढते, हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर नागोठण्याइतकी चांगली जागा नाही. गावाजवळ अंबा नदीवर जुना दगडी पूल आहे. चौलच्या काझी अलाउद्दीनने तो १५८० च्या सुमारास बांधल्याची नोंद कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये आहे. पावसाळ्यात नदी भरून वाहते तेव्हा पुलाच्या खांबांकडे पाहा. पुढच्या बाजूला पाणी तुंबून उंच होतं आणि मागच्या बाजूला भोवरे होऊन पाणी खाली बसतं. पुढे दाब जास्त, मागे कमी. या दोन दाबांतला फरक खांबाला प्रवाहाबरोबर ढकलत राहतो. गाडीच्या बाबतीत खांब चालतो आणि नदी थांबलेली असते, एवढाच फरक. एसयूव्हीची पाठ सरळ कापलेली असते, त्यामुळे तिच्यामागे भोवऱ्यांचा मोठा पट्टा तयार होतो. पावसात तिची मागची काच इतक्या लवकर चिखलाने का भरते, याचं उत्तर त्या भोवऱ्यांत आहे. तीच घाण उचलून काचेवर मारणारी हवा गाडीला मागेही खेचत असते.

नदीचा विषय निघाला आहे तर एक हिशेब सांगायलाच हवा. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशेपट जड. पुराचं पाणी सेकंदाला दोन मीटर, म्हणजे ताशी सात किलोमीटर, सावकाश धावणाऱ्या माणसाच्या वेगाने वाहत असेल, तर ते गाडीच्या एक चौरस मीटर भागाला जवळजवळ दोन हजार न्यूटनने ढकलतं. ताशी २०० किलोमीटरला हवा या एसयूव्हीला जितकं ढकलते त्यापेक्षाही हे थोडं जास्तच आहे. शिवाय पाणी गाडीला वर उचलतं, म्हणून टायरांची पकड आधीच निघून गेलेली असते. अंबेच्या खोऱ्याने २४ जुलै १९८९ चा जांभूळपाड्याचा महापूर पाहिलेला आहे, आणि नागोठण्यात आजही अतिवृष्टीत पाणी शिरतं. गाडी उंच आहे, इंजिन ताकदवान आहे, म्हणून वाहत्या पाण्यात घालायची, असा विचार कुणी करत असेल तर त्याने हा आकडा लक्षात ठेवावा. १८५ घोडे चाकं फिरवतात. रस्त्याला न टेकलेल्या चाकांचा मात्र काही उपयोग नसतो.

आता परत महामार्गावर, त्या टपावरच्या सामानाकडे. हा माझ्या मते या सगळ्या गणितातला सर्वांत उपयोगी भाग आहे. टपाच्या कॅरियरवर बॅगा रचून ताडपत्री बांधली की साधारण मीटरभर रुंद आणि हातभर उंच असा एक ठोकळा हवेच्या वाटेत उभा राहतो. त्याला ना गोल कडा, ना उतरती पाठ. ताडपत्री फडफडते ती वेगळीच. यामुळे हवेची ओढ चौथ्या हिश्शाने वाढते असं धरलं, तर ताशी १०० ला चार अश्वशक्ती जास्त लागतात, म्हणजे एकूण गरजेच्या सोळा टक्के. आणि सर्वोच्च वेग? २०२ वरून १८८ वर. आठवा, तीस घोडे कमी असलेल्या आवृत्तीचा वेग १९० होता. म्हणजे पैसे जास्त मोजून मोठं इंजिन घ्यायचं आणि टपावर चार बॅगा बांधून ते सगळे घोडे हवेला देऊन टाकायचे, असा हा व्यवहार होतो. सामान नेऊ नये असं मी म्हणत नाही. गणपतीला गावी जाताना सामान असणारच. पण सण संपून माणसं मुंबईला परततात, आणि रिकामं कॅरियर, त्याच्या आडव्या पट्ट्या, कधी सायकलचं स्टँड, वर्षभर टपावर तसंच राहतं. तेही दर किलोमीटरला हवेचा कर भरत असतं.

वाऱ्याचाही हिशेब आहे. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा वाहतो, आणि पेणहून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीला तो पुढून, उजव्या अंगाने लागतो. समोरून ताशी वीसचा वारा असेल आणि गाडी शंभरने जात असेल, तर हवेच्या दृष्टीने ती १२० ने जाते आहे. तिला मागे ओढणारं एकूण बल शांत हवेत १२० ला असतं तेवढंच होतं. गावी जाताना गाडी जास्त डिझेल पिते आणि परतताना कमी, असा अनुभव अनेकांना येतो. त्यामागे वारा आणि सामान हे दोन्ही असतात.

उंचीनेही फरक पडतो. अहिल्यानगरला संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे, तिथे गाड्यांच्या चाचण्यांसाठी खास मार्ग बांधले आहेत. ते शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे तिथली हवा नागोठण्यापेक्षा सहा-सात टक्क्यांनी विरळ. टर्बो असलेलं इंजिन त्या उंचीवरही आपली ताकद बरीचशी टिकवतं, म्हणून तीच गाडी घाटावर तीन-चार किलोमीटर जास्त वेग घेऊ शकते. टर्बो नसलेल्या जुन्या इंजिनाला मात्र हवा विरळ झाली की श्वासही कमी मिळतो, आणि फायदा-तोटा जवळपास फिटतो.

चाचणीच्या मार्गावर हवेची ओढ मोजायची पद्धत साधी आणि सुंदर आहे. गाडी ठरलेल्या वेगाला नेतात, न्यूट्रल करतात आणि तिला आपोआप मंदावू देतात. वेग किती सेकंदांत किती घटला, यावरून एकूण विरोध निघतो. आपली उदाहरणातली गाडी शंभरला असताना दर सेकंदाला साधारण एक किलोमीटरने मंदावेल. हाच विरोध मग प्रयोगशाळेतल्या रोलरवर घातला जातो आणि त्यावर धूर व इंधनाच्या चाचण्या होतात. पुण्यात वेताळ टेकडीजवळ १९६६ पासून असलेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया अशी कामं करते. मध्य प्रदेशात पिथमपूरला २९ जून २०२१ रोजी नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटर लांबीचा अतिवेगवान मार्ग सुरू झाला. खरा सर्वोच्च वेग मोजायला असा मार्ग लागतो, कारण शेवटचे दहा किलोमीटर फार हळूहळू येतात. ताकद आणि ओढ यांतली शिल्लक तिथे जवळजवळ शून्य असते. सार्वजनिक रस्त्यावर हे मोजायला जाणं हा गुन्हा आहे, आणि जिवावरचं धाडसही.

शिवाय मीटरचा काटा खरा नसतो. आंतरराष्ट्रीय नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त मात्र दहा टक्के आणि वर चार किलोमीटर इतकं दाखवायला मुभा आहे. म्हणजे काटा २०२ वर असताना गाडी १८० ने जात असू शकते. मोबाईलवर काट्याचं चित्रीकरण करून फिरवणाऱ्या मुलांनी हे ध्यानात घ्यावं. त्या काट्याखाली टायर कुठल्या वेगासाठी बनलेले आहेत तेही बघावं. टायरच्या बाजूवर एक रोमन अक्षर असतं. एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. टायर बदलताना स्वस्त पडतात म्हणून खालच्या अक्षराचे बसवले, तर गाडीची खरी मर्यादा त्या अक्षराने ठरते.

गिअरची गोष्ट थोडक्यात. इंजिन आपली पूर्ण ताकद एका ठरावीक फेऱ्यांना देतं. डिझेल एसयूव्हीत ते बहुतेक मिनिटाला साडेतीन हजारांच्या आसपास असतं. वरचा सहावा गिअर मुद्दाम सैल ठेवलेला असतो, महामार्गावर इंजिन शांत आणि कमी खर्चात फिरावं म्हणून. म्हणूनच सर्वोच्च वेग कित्येकदा सहाव्यात न मिळता पाचव्यात मिळतो. गाडी घेणाऱ्याने सहावा गिअर म्हणजे वेगाचा गिअर असं समजू नये. तो बचतीचा गिअर आहे.

आणि आता खरा प्रश्न. कोकणात जाणाऱ्या कुटुंबाला या २०२ चा उपयोग काय? पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा २०११ पासून रुंद होत आहे. त्या रस्त्यावर काम, वळणं, गावं, गुरं आणि सर्व्हिस रोडवरून अचानक येणाऱ्या दुचाकी आहेत. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चार पदरी रस्त्यावर मोटारींना १०० ची आणि द्रुतगती महामार्गावर १२० ची मर्यादा आहे, आणि स्थानिक फलक त्याहून कमी सांगत असेल तर तोच पाळायचा. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत ८० ओलांडलं की इशारा वाजू लागतो, १२० नंतर तो थांबतच नाही. या वेगांना आपल्या गाडीला सोळा ते चाळीस घोडे लागतात. उरलेले सव्वाशेच्या वर घोडे बसून असतात.

तरीही मोठं इंजिन फुकट नाही, आणि ते कशासाठी हवं हे नागोठण्याच्या पुढे लगेच कळतं. सुकेळी खिंड लागली की सात माणसं आणि सामान असलेल्या गाडीला हवेबरोबर गुरुत्वाकर्षणाशीही लढावं लागतं. शंभर मीटरला पाच मीटर चढ असलेल्या घाटात ताशी ६० ने जायला चौतीस अश्वशक्ती लागतात. सपाटीवर १०० ने जायला लागतात त्यापेक्षा जास्त! म्हणून जुन्या गाड्यांचा दम खिंडीत निघायचा आणि मागे ट्रकांची रांग लागायची. पुढची गाडी ओलांडतानाही हेच. ६० वरून १०० ला जायला १८५ घोड्यांच्या गाडीला सहा-सात सेकंद आणि दीडशे मीटर रस्ता पुरतो. भरलेल्या बोलेरोला अठरा सेकंद आणि चारशे मीटर लागतात. दुभाजक नसलेल्या पट्ट्यावर समोरून ट्रक येत असताना त्या अडीचशे मीटरांत जगण्या-मरण्याचा निकाल लागतो. बोलेरो चालवणाऱ्याने यातून एकच घ्यावं: त्या चारशे मीटरांच्या किमान दुप्पट रस्ता मोकळा दिसल्याशिवाय ओलांडू नये, कारण तेवढ्या वेळात समोरचा ट्रकही जवळ येत असतो.

मात्र ताकद जितकी सहज वेग देते तितका सहज तो काढून घेता येत नाही. ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, आणि ब्रेकला इंजिनाच्या घोड्यांशी काही देणंघेणं नसतं. ओल्या रस्त्यावर, दीड सेकंद माणसाच्या भानावर येण्याचे धरून, ८० वरून थांबायला सुमारे ९० मीटर लागतात आणि १०० वरून सुमारे १३०. या जास्तीच्या चाळीस मीटरांत वाकण फाट्यावर रस्ता ओलांडणारी माणसं असतात.

आणि त्या बदल्यात मिळतं काय? ८४ किलोमीटरचा तो सगळा टप्पा मोकळा मिळाला असं धरलं तरी ८० ऐवजी १०० ने गेल्यास तेरा मिनिटं वाचतात. हवेची आणि टायरची ओढ मिळून दर किलोमीटरला तीस टक्के जास्त काम करावं लागतं. १२० ने गेलात तर ८० च्या तुलनेत अडुसष्ट टक्के जास्त. विजेच्या एसयूव्ही घेणाऱ्यांना हे आधी समजेल, कारण डिझेलच्या टाकीत न दिसणारा तोटा त्यांना बॅटरीच्या टक्क्यांत डोळ्यांसमोर उतरताना दिसतो. गावी पोचायला चार्ज पुरत नसेल तर वेग शंभरवरून ऐंशीवर आणणं हा सर्वांत जवळचा चार्जर आहे.

म्हणून शोरूममध्ये पुढच्या वेळी टॉप किती असं विचारण्याऐवजी तीन गोष्टी विचारा: सात माणसं बसवून ६० ते १०० ला किती सेकंद, ओल्या रस्त्यावर १०० वरून थांबायला किती मीटर, आणि टायरवर कुठलं अक्षर. या तिन्ही उत्तरांचा कोकणच्या रस्त्यावर रोज उपयोग होतो. आणि गणपती आटोपून घरी परतलात की त्या रविवारी पाना घेऊन टपावरचं रिकामं कॅरियर उतरवून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा बसवायला अर्धा तास लागेल.